समुद्र नसलेल्या गावात बोट शोधताना

हैदराबादला समुद्र नाही. इथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना हुसेनसागर आहे, टँकबंडवरचा वारा आहे, तेवढ्यावर ती खूश असतात. पण एका माणसाला ही उणीव फार जाणवली होती, आणि तो माणूस साधासुधा नव्हता. सातवा निजाम, मीर उस्मान अली खान! १९४७ साली इंग्रज निघायच्या तयारीत असताना, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या आपल्या संस्थानाला एखादं बंदर हवं असं त्याच्या दरबारात ठरलं आणि नजर वळली ती आमच्या गोव्याकडे, मुरगाव बंदराकडे. पोर्तुगीजांकडून ते विकत मिळतं का, निदान भाड्याने मिळतं का, अशी खटपट झाली. म्हणजे सेकंडहँड बंदराचीच खरेदी म्हणायची! सौदा जमला नाही. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला.

ही कथा मी आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगितली, तेव्हा समोर बसलेले माझे एक सहकारी डब्याचं झाकण लावत म्हणाले, "नवाबसाब को पूरा बंदरगाह होना था. मेरेकू तो बस एक पुरानी बोट होना. रहने के वास्ते."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसले नाहीत.

या सहकाऱ्यांना मी इथे नुसतं 'गारू' म्हणतो. तेलुगूत आपल्या 'राव'सारखा किंवा 'जी'सारखा हा शब्द आदराने नावापुढे लावतात. वय एकोणसाठ, केंद्र सरकारच्या नोकरीत चौतीस वर्षं, निवृत्ती तोंडावर. उप्पलला स्वतःचा फ्लॅट आहे, त्यात मुलगा, सून आणि नात. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मूळ गाव गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात. सर ऑर्थर कॉटनने १८५२ साली धवळेश्वरमचं धरण पुरं केलं आणि त्यातून जे कालवे निघाले, ते नुसते शेतीचे नव्हते, त्यांतून बोटीही चालत. गारूंचे आजोबा अशाच एका भाताच्या बोटीवर होते. बोट काठावरून दोराने ओढायची, रात्री तिच्यातच चूल पेटवायची, तिच्यातच झोपायचं. गारूंनी हे लहानपणी पाहिलं. पुढे रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, बोटी काठावर कुजल्या.

मी गोव्याचा, म्हणजे मला बोटीतलं सगळं कळत असणार, असा त्यांचा समज. खरं तर माझं आजोळ दिवाडीचं. दिवाडी हे मांडवीतलं बेट, तिथे जायचं तर फेरीबोट हवीच. त्यामुळे बोट मला बसइतकीच ओळखीची. पण बोट विकत घेणं वेगळं आणि तिच्यात राहणं त्याहून वेगळं. तरीही गारूंच्या या शोधात मी ओढला गेलो. त्याला कारण माझं स्वतःचंही होतं. आमचं गोव्यातलं वडिलोपार्जित घर इन्व्हेंतारात गेलं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांमध्ये वाटणी झाली, सात वाटेकऱ्यांत एक घर कसं राहणार? विकलं. माझ्या वाट्याला जे आलं त्यात आजच्या भावाने पणजीच्या आसपास दोन खोल्याही येत नाहीत. तेव्हा पाण्यावर तरी गोव्यात परत जाता येईल का, हा प्रश्न मलाही पडला होता. तोंडाने मात्र मी 'गारूंना मदत करतोय' एवढंच म्हणत होतो.

*

जगात माणसं बोटीत राहायला का गेली, हे पाहू लागलो तर बहुतेक ठिकाणी उत्तर सारखंच मिळतं. जमीन मिळेना, किंवा परवडेना. काश्मिरात परक्यांना जमीन विकत घेता येत नसे म्हणून साहेबाने दल सरोवरात हाउसबोटी थाटल्या, असं सांगतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली आणि त्याच सुमारास जुन्या मालवाहू बोटी निकालात निघाल्या होत्या. लोक त्यांत शिरले. इंग्लंडच्या कालव्यांवर कोळसा वाहणाऱ्या लांबट, अरुंद बोटींचा धंदा रेल्वेने आणि ट्रकांनी संपवला, आज तशाच बांधणीच्या बोटींत हजारो लोक राहतात. तिथे गंमत अशी की कायमचा थांबा नसेल तर १९९५च्या कायद्याप्रमाणे एका जागी सलग चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही. पंधरवडा झाला की बिऱ्हाड पुढे हलवायचं. बदलीच्या नोकरीला वैतागलेल्या माझ्यासारख्याने ते वाचून कपाळाला हात लावला.

आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण केरळचं. तिथली 'केट्टुवळ्ळम' म्हणजे बांधलेली बोट. आंजिलीच्या फळ्या काथ्याने शिवायच्या, खिळा म्हणून मारायचा नाही आणि वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचा काळा लेप द्यायचा. (आमच्याकडेही होड्यांना हेच तेल लावत. त्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.) या बोटी भात वाहायच्या. पूल झाले, रस्ते झाले, बोटी रिकाम्या पडल्या. नव्वदच्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की यांच्यावर बांबूचं छप्पर घालून पाहुणे ठेवावेत. आज आलप्पुळाला जाऊन आलेला प्रत्येक मराठी माणूस त्या बोटीवरचा फोटो दाखवतो. ती मुळात भाताची सेकंडहँड बोट होती, हे त्याला ठाऊक नसतं.

थोडक्यात, एक धंदा मेला की बोटी स्वस्त होतात, आणि घर महाग झालं की माणसं त्या घेतात. गोव्यात आज या दोन्ही गोष्टी आहेत.

*

हैदराबादमध्ये बोट ठेवायची सोय आहे का, हे आम्ही आधी पाहिलं. हुसेनसागर इब्राहिम कुतुबशहाच्या काळातला, सोळाव्या शतकातला तलाव. त्यावर शिडाच्या बोटी पुष्कळ. पावसाळ्यात, वारा भरात असतो तेव्हा, 'हैदराबाद सेलिंग वीक' भरतो. सैन्याच्या ईएमई सेलिंग असोसिएशनने हा खेळ इथे वाढवला. २००९ साली सुहेम शेख यांनी यॉट क्लब ऑफ हैदराबाद काढला आणि साध्या घरांतली मुलंही ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या बोटी चालवू लागली. पण या सगळ्या बोटी एकट्या-दुकट्याने बसून चालवायच्या. त्यांत झोपायचं तर पाय पाण्यात सोडून! शिवाय तलाव सरकारी, त्यात बिऱ्हाड कोण करू देणार? आणि तिथून बाहेर निघायला वाट नाही. पाणी मुशीला जातं, मुशी वाडापल्लीजवळ कृष्णेला मिळते, पण त्या वाटेने बोट न्यायची म्हणजे निम्मा रस्ता ती डोक्यावर घ्यावी लागेल.

हुसेनसागरने आम्हाला एक गोष्ट मात्र शिकवली. तलावाच्या मधोमध बुद्धाची एकसंध दगडाची भव्य मूर्ती आहे. १० मार्च १९९० रोजी ती बार्जवरून नेताना बार्ज कलंडली, मूर्ती तळाला गेली आणि सोबतची माणसं बुडाली. पुढे जवळजवळ पावणेतीन वर्षांनी, १ डिसेंबर १९९२ला, मूर्ती वर काढून उभी केली गेली. गारू त्या वेळी नोकरीत नवे होते, त्यांना तो दिवस नीट आठवतो. ते म्हणाले, "बोट कितना वजन उठाती, ये सब पूछते. वजन कहाँ रखे तो पलटती, ये कोई नहीं पूछता." पुढे गोव्यात आम्ही ज्या बोटी पाहिल्या, त्या प्रत्येक वेळी हे वाक्य उपयोगी पडलं.

*

गेल्या डिसेंबरात दोघांनी रजा टाकली. सिकंदराबादहून वास्कोला गाडी आहे. लोंढ्याच्या पुढे घाट उतरताना दूधसागरजवळ गारू दारात उभे राहिले ते थेट कुळें येईपर्यंत.

तीन बोटी पाहिल्या. मालकांची नावं आणि ठिकाणं देत नाही, त्यांचा त्यात काही दोष नाही.

पहिली लाकडी, जुना मासेमारीचा ट्रॉलर. रंग ताजा होता, आणि ताजा रंग हीच पहिली संशयाची खूण, असं मला आजोळच्या एका मामांनी बजावून ठेवलं होतं. ते स्वतः आमच्याबरोबर आले. खिशातून छोटा चाकू काढून त्यांनी पाण्याच्या रेषेखाली दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं. एके ठिकाणी पातं लोण्यात शिरावं तसं आत गेलं. लाकडाचे वैरी दोन. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या जातीचा, म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा लांबचा चुलतभाऊ! बाहेरून सुईच्या अग्राएवढं भोक दिसतं आणि आत फळी चाळणी झालेली असते. दुसरा वैरी पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही, वरून झिरपलेल्या पावसाने कुजतं. म्हणून जुनी लाकडी बोट पाहताना तळ तर बघायचाच, पण डेकचे आणि केबिनचे सांधे त्याहून जास्त बघायचे. मामांनी मान हलवली आणि आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरी म्हणजे बार्ज. खनिज वाहणाऱ्या बार्जी ही आमच्या मांडवी-जुवारीची एकेकाळची ओळख. आमोणें, सारमानस अशा धक्क्यांवरून लाल माती भरायची आणि मुरगावला मोठ्या जहाजात ओतायची. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या आणि २०१८च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. त्या काळात नदीकाठी गंजत पडलेल्या बार्जींच्या रांगा मी सुट्टीत येता-जाता पाहिल्या आहेत. कित्येक भंगारात गेल्या. आम्हाला दाखवलेली बार्ज लहान होती, पण 'लहान' म्हणजे उप्पलच्या फ्लॅटसारखे तीन-चार फ्लॅट तिच्यात मावले असते. भाव भंगाराच्या हिशेबाने, किलोवर! घर किलोवर विकत घ्यायची कल्पनाच मला कशीशी वाटली. लोखंडाला टिचकी मारून काही कळत नाही. ते आतून, तळात साचलेल्या पाण्याने पातळ होत जातं. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने जागोजागी मोजावी लागते. आणि गारूंचा बुद्धमूर्तीचा प्रश्न इथे नेमका लागू पडला. बार्ज बांधलेली शेकडो टन ओझं पोटात घेऊन चालायला. रिकामी असली की ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत नेतो. त्यातून वर खोल्या बांधल्या की ओझं आणखी वर चढतं. तिला सरळ ठेवायला पोटात वजन भरायचं, म्हणजे घरात राहायला जायचं आणि तळघरात धोंडे भरायचे!

तिसरी बोट फायबरची, शिडाची, तेहतीस फुटी. कुणी परदेशी माणूस इथवर घेऊन आला आणि विकून गेला, मग तिचे आणखी दोन मालक झाले. काठावर लाकडी टेकूंवर उभी होती. आत दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग होतात. एक स्टोव्ह, एक टेबल, त्यावर गोल डाग, कुणाच्या तरी चहाच्या कपाचा. गारू त्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

*

फायबर कुजत नाही असं विकणारा सांगतो, आणि ते अर्धंच खरं असतं. नुसतं फायबर कुजत नाही, पण अशा पुष्कळ बोटींच्या डेकमध्ये दोन फायबरच्या थरांत हलकं लाकूड भरलेलं असतं. एखाद्या बोल्टाच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी आत मुरतं आणि मधला थर भिजलेल्या टोस्टसारखा होतो. ओळखायची रीत सोपी. लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, खराब जागी बद्द. नारळ किंवा कलिंगड घेताना आपण तेच करतो. आमच्या बोटीचा डेक दोन ठिकाणी बद्द बोलला. इंजिन मात्र एका हाकेला सुरू झालं.

मग माझं खातं आलं, कागद. तिथे मी गारूंच्या कामाला आलो. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन आता २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि सर्व्हेचं प्रमाणपत्र लागतं. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचं. विकणाऱ्याचं नाव नोंदणीत आहे का, बोटीवर कर्ज आहे का, हे तर कुणीही पाहील. पण समुद्रात चालणाऱ्या बोटीबाबत आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. २०१७च्या नौवहनविषयक दाव्यांच्या कायद्याप्रमाणे खलाशांचा थकलेला पगार बोटीला चिकटून राहतो. मालक बदलला तरी तो दावा काही काळ बोटीबरोबर नव्या मालकाकडे येतो. घराच्या मागच्या मालकाने मोलकरणीचा पगार दिला नाही म्हणून आपल्या घराला कुलूप लागेल का? नाही. बोटीला लागू शकतं. मला हा नियम आवडला. पाण्यावर कष्ट करणाऱ्याला कुणीतरी आधी मोजलं, एवढं तरी त्यात आहे.

बाकी प्रश्न कायद्यात मावणारे नव्हते. गॅसचा सिलिंडर कुठल्या पत्त्यावर घ्यायचा? पेन्शनची पत्रं कुठे येणार? संडासाचं काय करायचं? (नदीत सोडायचं नाही, टाकीत साठवून काठावर रिकामं करायचं. त्याची सोय जवळपास आहे का, हे बोटीच्या किमतीइतकंच महत्त्वाचं.) घरबांधणीचा सरकारी अग्रिम घरासाठी, फ्लॅटसाठी. बोट त्यात बसत नाही. म्हणजे बोट घ्यायची ती रोख, पीएफच्या पैशांतून.

*

तिसरी बोट राखायला ठेवलेला माणूस निवृत्त सारंग होता. सत्तरीच्या पुढचा. तीस वर्षं बार्जींवर काढलेली. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा उसळतो, मांडवीचं तोंड बंद होतं, मग भरलेल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत काढायच्या. तो अरुंद कालवा, भरती-ओहोटीचा हिशेब, अंधारात समोरून येणारी दुसरी बार्ज... हे सगळं त्याने बिडी ओढत सांगितलं. मी कोकणीत विचारलं, इतकी वर्षं बोटीवर राहिलात, आता घरात करमतं का? तो म्हणाला, "बोट म्हळ्यार जाणटी आवय. तिका सोडून खंयच वचूंक मेळना." बोट म्हणजे म्हातारी आई. तिला सोडून कुठे म्हणून जाता येत नाही.

मी ते गारूंना हिंदीत सांगितलं. सारंगाला वाटलं, या शहरी माणसाला अजून कळलं नाही. त्याने मोडक्या हिंदीत थेट विचारलं, "साब, रात को दो बजे पानी अंदर आया, तो कौन उठेगा?"

गारू म्हणाले, "मैं. वैसे भी दो बजे जागताच रहता हूँ. तीन साल से."

सारंग काही बोलला नाही. बिडी विझवली आणि हातोडी उचलून पुन्हा डेक ठोकायला लागला, या वेळी जास्त लक्ष देऊन, जणू बोट आता खरंच कुणाची तरी होणार आहे.

त्या क्षणापर्यंत मी गारूंचं हे सगळं एक हौस म्हणून पाहत होतो. निवृत्तीआधी माणसांना होतात तशी खुळं. कुणी फार्महाउस घेतं, कुणी सतार शिकतं. पण फ्लॅटमध्ये त्यांची गरज संपली होती. सून चांगली आहे, मुलगा चांगला आहे, जेवण वेळेवर मिळतं, औषधं कुणीतरी आणून देतं. रात्री दोनला जागं असलेल्या माणसाला त्या घरात करायला काही उरलेलं नाही. पाणी पालिकेचं, लिफ्ट सोसायटीची, वॉचमनही सोसायटीचा. जुन्या बोटीचं तसं नाही. तिला रोज कुणीतरी लागतं. तळातलं पाणी उपसायला, दोर तपासायला, वारा फिरला की नांगर धरलाय का बघायला. आम्ही सगळे जुन्या बोटीचा जो तोटा म्हणून मोजत होतो, त्याच्याचसाठी हा माणूस ती विकत घ्यायला निघाला होता.

इंग्रजी कादंबरीकार पेनेलोपी फिट्झजेराल्ड हिने साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये थेम्सवरच्या एका जुन्या बार्जमध्ये मुलांना घेऊन दिवस काढले. नवऱ्याची मिळकत पुरत नव्हती, घर परवडत नव्हतं. त्या दिवसांवरून तिने लिहिलेल्या 'ऑफशोअर' या कादंबरीला १९७९ साली बुकर पारितोषिक मिळालं. खरी बार्ज मात्र बुडाली आणि घरातलं बरंच काही तिच्याबरोबर गेलं. हे मी गारूंना मुद्दाम सांगितलं. भीती घालावी म्हणून नव्हे, पण माहीत असावं म्हणून. ते म्हणाले, "घर नहीं डूबते क्या?" आणि १९०८च्या मुशीच्या महापुराची आठवण करून दिली. हैदराबादी माणसाशी पाण्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

*

परतायच्या आदल्या दिवशी मी त्यांना दिवाडीला नेलं. फेरीबोटीत त्यांनी कठड्याला टेकून सगळा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला. दिवाडीवरच रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे याच बोटीतून एकट्याने जगाची प्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी त्याच बोटीतून, कुठेही न थांबता. आणि मग 'तारिणी'. १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात नौदलाच्या सहा महिला अधिकारी छप्पन्न फुटांच्या त्या बोटीत जगाला वळसा घालून आल्या. त्यांतली एक, ऐश्वर्या बोड्डापाटी, हैदराबादची! हे ऐकून गारू एकदम ताठ झाले. समुद्र नसलेल्या गावातली मुलगी, दिवाडीत बांधलेली बोट. निजामाला जे पैसे देऊन मिळालं नाही, ते त्या मुलीने हिमतीवर मिळवलं.

त्यांची बोट अगदी नवी होती, तरी सुकाणूच्या बिघाडामुळे शेवटच्या टप्प्यात मॉरिशसला थांबावं लागलं. नव्या बोटीचं हे, तर जुनीचं काय, असं मी म्हणालो. गारूंचं उत्तर, "ठीक करके आगे गए ना?"

*

आता कुठवर आलंय ते सांगतो.

गारूंनी तिसऱ्या बोटीचा इसार दिला, तो सर्व्हेच्या अटीवर. सर्व्हेअरने डेकच्या दोन बद्द जागांची तिसरी करून दाखवली, शिडाच्या तारा जुन्या झाल्यात म्हणून बदलायला सांगितल्या. एकूण अंग चांगलं, इंजिन चांगलं. त्या अहवालावर भाव उतरला. सर्व्हेअरची फी त्या मानाने काहीच नव्हती. कुणी जुनी बोट घ्यायच्या विचारात असेल, तर एवढं एक लक्षात ठेवावं. बोट आवडली की आधी पैसे देऊ नका, आधी ती पाण्याबाहेर काढून तिऱ्हाईत माणसाला दाखवा. आणि पाण्यात उतरवायच्या आधी एक अख्खा पावसाळा तिच्या डेकखाली घोंगडी पसरून बघा, कुठे ओली होते ते.

गारूंचं तेच चाललंय. बोट टेकूंवर आहे. रजा मिळाली की ते जातात, खराब डेक कापून काढतात, सारंग सोबत असतो, दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नाही. उप्पलच्या घरी पहिल्यांदा बरंच वादळ झालं. १५ सप्टेंबर २०१९ला गोदावरीत कच्चुलुरूजवळ पर्यटकांची बोट बुडाली होती, ते चित्र सुनेच्या डोळ्यांपुढून हलत नाही आणि तिचंही चुकत नाही. शेवटी तह झाला. पावसाळ्यात बोट काठावर आणि गारू हैदराबादेत. रात्री झोपण्यापूर्वी रोज एक फोन. आणि नातीला पोहता आल्याशिवाय ती बोटीवर पाऊल टाकणार नाही. नात सध्या पोहायला शिकतेय. ती भराभर शिकतेय, हीच आता सुनेची काळजी आहे.

आणि मी? आमच्या सौ.चं मत पहिल्या दिवसापासून एकच, "मासे पाण्यात राहतात. मी ते आणून शिजवते. तेवढंच नातं पुरे." माझ्या निवृत्तीला अजून पंधरा वर्षं आहेत, दोन मुलांची शिक्षणं आहेत. रात्री दोन वाजता मी गाढ झोपलेला असतो. मी बोट घेणार नाही. वाटणीचे पैसे बँकेत आहेत, त्यातून गोव्यात कुठेतरी आतल्या गावात, डिचोली-सत्तरीकडे, एखादी जुनी खोली मिळते का बघतोय. ती बघताना भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून ऐकायची सवय मात्र लागली आहे. परवा एका घरात तसं ठोकलं तर घरमालकाने विचारलं, "नारळ घ्यायला आलात काय?"

म्हटलं, तसंच समजा.